147 तारा आणि एक जुना ऑर्गन

17 सप्टेंबर 2023, रविवार. पाळकसाहेबांनी मूक प्रार्थनेसाठी माना लववायला सांगितल्या आणि त्या शांततेत ऑर्गन घुमत राहिला. माझे हात मांडीवर होते, पाय पेडलवरून, म्हणजे पायाने वाजवायच्या पट्ट्यांवरून, काढलेले होते, आवाज कमी-जास्त करायचं पेडल पूर्ण मिटलेलं होतं. तरी खालच्या 'जी'च्या जवळपासचा एक सूर स्पीकरमधून येतच होता. मागच्या बाकांवरची माणसं माना वर करून बघायला लागली. मी वाकून स्विच बंद केला, तर त्याचाही 'खट्' आवाज चर्चभर गेला. पुढची सगळी गीतं पेटीवर झाली.

त्या रविवारपासून ऑर्गन पुन्हा नीट वाजायला लागेपर्यंत वर्षाला पंधरा दिवस कमी एवढा काळ गेला. मधल्या काळात मी मुंबई, पुणे, मिरज, जालना असे कुठे कुठे फोन केले आणि "आमच्याकडेही एक असाच चादर घालून ठेवलाय" हे इतक्या वेळा ऐकलं की सगळं तारीखवार लिहून ठेवायचं ठरवलं. मी पतसंस्थेत हिशेब लिहिते, इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण नाही. म्हणून जे मला उशिरा कळलं ते इतरांना आधी कळावं एवढीच इच्छा आहे.

आमची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, नगरची. अमेरिकन मराठी मिशन इथे 1831 मध्ये आलं. आमच्या उपासनेत दोन्ही प्रकारची गीतं आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं पेटी, तबला, झांजांवर रंगतात, त्यांना ऑर्गनची गरज नाही. पण पाश्चात्त्य चालींवर बसवलेली, चार आवाजांत गायची गीतं पेटीवर घेतली की पहिले चार बाक पुढे जातात आणि शेवटचे चार मागे राहतात. दोनशे माणसांना एका श्वासात धरून ठेवायला खालचा भरदार सूर लागतो. ते काम ऑर्गनचे पेडल करतात.

ऑर्गन म्हटलं की मराठी माणसाला संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. आमच्याकडेही 1987 पर्यंत तसलाच होता. त्या वर्षी अमेरिकेतल्या एका मंडळीने आपला वापरलेला इलेक्ट्रॉनिक ऑर्गन बोटीने पाठवला. एकावर एक दोन कीबोर्ड, प्रत्येकी 61 पट्ट्या, पायाखाली 25 लाकडी पेडल, 28 स्टॉप, म्हणजे आवाजाचा प्रकार निवडायच्या कळा. तिकडच्या 117 व्होल्टवर चालणारा, म्हणून सोबत चौदा किलोचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. तेव्हा तो वाजवणारे मास्तर आज 83 वर्षांचे आहेत. मी चौदाव्या वर्षी त्यांच्या शेजारी बाकावर बसून शिकले.

24 सप्टेंबरला उपासनेनंतर पंचांची, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांची, बैठक झाली. एका पंचांचं म्हणणं, सरळ चांगला कीबोर्ड घ्या, लग्नाच्या वाद्यवृंदात असतो तसा. दुसरे म्हणाले, ज्याची भेट आहे त्याचा मान ठेवा, दुरुस्तच करा. खजिनदारांनी विचारलं, "पण बिघडलंय काय?" त्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. शेवटी ठराव लिहिला गेला: ऑर्गनची तपासणी करून घ्यावी, खर्चमर्यादा रु. 15,000. तुमच्याकडेही हाच ठराव आधी करून घ्या. बिघाड काय आहे हे कळण्याआधी 'दुरुस्त की नवा' यावर वाद घालण्यात आमचे पुढचे तीन रविवार गेले.

आणि मग माझ्या हातून चूक झाली. घाईघाईत मी ओळखीच्या एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. 14 ऑक्टोबरला तो आला, पट्ट्यांच्या फटींतून गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारला, 800 रुपये घेतले. त्या दिवशी ऑर्गन छान वाजला. आठवड्याने वरच्या कीबोर्डच्या अकरा पट्ट्या मुक्या झाल्या. तेलावर धूळ बसून आत चिखल झाला होता. कोणी असा डबा घेऊन आला तर त्याला हात जोडा. लागतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा खास कॉन्टॅक्ट क्लीनर, जो उडून जातो आणि मागे काही ठेवत नाही.

योग्य माणूस मिळायला तीन आठवडे लागले. पुण्यातल्या एका पेटी बनवणाऱ्यांनी एका तबलजींचा नंबर दिला, त्यांनी एका ध्वनिव्यवस्थावाल्याचा, त्याने या काकांचा. काकांनी आयुष्यभर नाट्यगृहांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त केले होते. फोनवर त्यांनी फक्त दोन गोष्टी विचारल्या. "सूर पट्टी दाबल्यावर बिघडतो की न दाबताही घुमतो? आणि मागचं झाकण शेवटचं कधी उघडलंय?" दुसऱ्याचं उत्तर मास्तरांनाही आठवलं नाही.

4 नोव्हेंबरला, शनिवारी, काका एसटीने माळीवाड्याला उतरले. तपासणीचे 1,500 रुपये आणि जाण्यायेण्याचं भाडं आधीच ठरलं होतं. आल्यावर त्यांनी प्लग काढला आणि म्हणाले, "ताई, आता चहा घेऊ. वीस मिनिटं हात लावायचा नाही." मला वाटलं प्रवासाने दमलेत. तसं नव्हतं. मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहते. चहानंतरही त्यांनी आधी ती मीटरने मोजली, रेझिस्टर लावून उतरवली, मगच आत हात घातला.

मागची फळी निघाली तेव्हा धुळीचा आणि उंदरांचा वास आला. तळाशी कागदाचं घरटं होतं. मी चिमट्याने एकेक तुकडा काढला. सायक्लोस्टाइल केलेले उपासनेचे कागद होते ते, एका तुकड्यावर 1994 सालच्या उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) तारीख शाबूत होती. त्याच्या वर तपकिरी पाट्या (सर्किट बोर्ड), त्यांवर ओळीने उभे कपॅसिटर. चार मोठ्या डब्यांपैकी दोघींची माथी पुरीसारखी फुगलेली होती. एकीच्या बुडाशी वाळलेला तपकिरी ओघळ.

काकांनी मला समजेल असं सांगितलं. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, म्हणजे 100 वेळा दिशा बदलते. ती सरळ करताना सेकंदाला 100 ठोके तयार होतात. कपॅसिटर ते ठोके गिळून वीज सपाट करतो. तो आतून वाळला की ठोके तसेच पुढे जातात आणि स्पीकर ते ऐकवतो. सेकंदाला 100 कंपनं म्हणजे खालचा 'जी', ज्याची कंपनं 98 असतात, त्याच्या अगदी शेजारी. मला प्रार्थनेत ऐकू आला होता तो हाच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं, की निदान ऐकलं ते बरोबर होतं.

दुसरा बिघाड पट्ट्यांखालचा. प्रत्येक पट्टीखाली केसासारख्या बारीक तारा एका दांडीला टेकतात तेव्हा सूर वाजतो. त्या तारा काळ्या पडल्या होत्या, वर ते तेल. काकांनी जाड कागदाची बोटभर पट्टी अल्कोहोलमध्ये बुडवून तार आणि दांडी यांच्यामध्ये घातली, तार हलकेच दाबून तो कागद ओढला. कागदावर काळी रेघ उमटली. "अशी रेघ यायची थांबेपर्यंत," म्हणाले, आणि ते काम मला देऊन गेले. पुढचे नऊ दिवस मी पतसंस्थेतून सुटल्यावर रोज दोन तास तेच करत होते. एकेका पट्टीला चार-पाच कागद लागले. काळी रेघ हळूहळू राखाडी होते, मग येत नाही, आणि ती पट्टी बोलायला लागते. त्या नऊ संध्याकाळी मला फार आवडल्या.

कपॅसिटर आणायचे तर दिवाळी आली. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली बंद. भाऊबीज झाल्यावर काकांनी 34 कपॅसिटर घेतले, 2,150 रुपयांचे. घेताना मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतात, आणि डबीवर 105 अंश लिहिलेलं असावं, 85 चं घेऊ नये. 25 आणि 26 नोव्हेंबरला ते नगरला राहिले. एक जुना काढायचा, एक नवा लावायचा, दोन्ही वेळा फोटो. सगळे एकदम काढले तर उलटसुलट लागतात, आणि उलटा लागलेला कपॅसिटर फुटतो. मजुरी 9,000, क्लीनर, कथील वगैरे 900, तपासणीसकट एकूण 13,550 रुपये झाले. ठरावाच्या मर्यादेत बसलं.

त्या नाताळची उपासना मी कधी विसरणार नाही. ऑर्गन चालू असूनही प्रार्थनेत शांतता होती.

ते सुख सात आठवडे टिकलं. 11 फेब्रुवारी 2024 ला सकाळी क्वायरबरोबर (गायकवृंदाबरोबर) सराव करताना 'ई फ्लॅट' गेला. एक पट्टी नव्हे, खालच्या पेडलपासून वरच्या टोकापर्यंत सगळे 'ई फ्लॅट' एकदम. मी काकांना फोन केला तर पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग म्हणाले, "एकच सूर सगळ्या सप्तकांत गेला ना? मग आता चिप."

त्या पिढीच्या ऑर्गनमध्ये एक चिप सर्वांत वरच्या सप्तकाचे बारा सूर तयार करते. खालची सप्तकं ती कंपनं निम्मी, पुन्हा निम्मी करून मिळवतात. वरचा एक सूर मेला की त्याचं सगळं कुटुंब जातं. ही चिप बनवणं कधीच बंद झालंय. 20 फेब्रुवारीला मी रजा टाकून मुंबईला गेले. लॅमिंग्टन रोडवर दुपारपर्यंत फिरले, एका दुकानात त्याच नंबरची चिप 1,800 रुपयांना मिळाली. पुण्यात काकांनी भिंगाखाली धरली तर वरचा मूळ नंबर घासून नवा छापलेला. ती वेगळीच काहीतरी होती. बंद झालेले भाग घेताना 'बसवून चालला नाही तर परत' हे बिलावर लिहून घ्या. मी घेतलं नव्हतं.

त्याच दिवशी बसला वेळ होता म्हणून फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये गेले होते. 1718 सालचं चर्च. वाजवणारं कोणी नव्हतं, मी नुसती पाइप ऑर्गनसमोर उभी राहिले. तीस वर्षं मी स्टॉपवर '8 फूट', '16 फूट' वाचत आले. 8 फूट म्हणजे त्या स्टॉपचा सर्वांत खालचा सूर देणारा उघडा पाइप साधारण आठ फुटांचा, 16 म्हणजे त्याच्याही खालचं सप्तक, हे पाठ होतं. तिथे ते डोळ्यांनी मोजता आलं. आमचा विजेचा ऑर्गन कशाची आठवण करून देण्यासाठी बनवला होता, ते त्या दुपारी पोटात उतरलं. पुढचे निर्णय घेताना याचा फार उपयोग झाला.

14 फेब्रुवारीला राखेचा बुधवार झाला होता. लेंटचे, म्हणजे त्या दिवसापासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळाचे, सगळे रविवार, 29 मार्चचा उत्तम शुक्रवार आणि 31 चा ईस्टर पेटी-तबल्यावर झाले. उत्तम शुक्रवार पेटीवर चांगलाच होतो. ईस्टरच्या पहाटे मात्र खालचा सूर नाही हे मला शेवटच्या बाकापर्यंत जाणवत होतं.

मार्चभर आम्ही दरपत्रकं गोळा केली. परदेशी बनावटीचा दोन कीबोर्ड आणि पूर्ण पेडलचा नवा डिजिटल ऑर्गन, आयात खर्च धरून, सव्वाआठ लाखांच्या घरात जात होता आणि यायला पाच महिने लागणार होते. साथीचा चांगला कीबोर्ड 72,000 रुपयांना लगेच मिळत होता, पण त्याला पेडल नाहीत. तिसरी वाट माझ्या भाच्याने सुचवली. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होता. "मावशी, लाकूड चांगलं आहे, पट्ट्या चांगल्या आहेत, पेडल चांगले आहेत. मेलाय तो फक्त आवाज. मग आवाजच बदलू."

म्हणजे असं. जुन्या पट्ट्या कुठली दाबली एवढंच सांगतील, मिडी या पद्धतीने, जी 1983 पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वाद्यांना समजते. कॉम्प्युटरमध्ये ग्रँडऑर्ग नावाचं मोफत सॉफ्टवेअर असेल. खऱ्या पाइप ऑर्गनच्या एकेका पाइपचा आवाज वेगवेगळा ध्वनिमुद्रित केलेला असतो, तो हे सॉफ्टवेअर पट्टी दाबल्याबरोबर वाजवतं. अंदाज आला 1,81,000 रुपये.

पंचांचा प्रश्न रास्त होता: उद्या भाचा नोकरीला बेंगळुरूला गेला की हे कोण बघणार? आम्ही अट घातली की प्रत्येक तारेचा नकाशा कागदावर असेल, कॉम्प्युटरमधल्या सगळ्याची दुसरी प्रत चर्चच्या कपाटात असेल, आणि मंडळीतली आणखी दोन मुलं पहिल्या दिवसापासून कामात असतील. असं काही करणार असाल तर ही अट आधी घाला. नुसता हौशी भाचा पुरत नाही.

मास्तरांना विचारायला मी त्यांच्या घरी गेले. हे सांगायला मला जड जात होतं, त्या ऑर्गनचं पोट आम्ही कापणार होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पेडल ठेवणार ना?" एवढंच विचारलं. ठेवणार म्हटल्यावर म्हणाले, "मग कर. पोरी, वाद्य वाजायला असतं."

पैशांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे मंडळ्या अडकतात. माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो, त्याने 50,000 देतो म्हणून कळवलं. तो आता तिकडचा नागरिक आहे. परदेशी नागरिकाने दिलेली देणगी, तो मूळचा आपला असला तरी, परकीय योगदान ठरते आणि एफसीआरए, म्हणजे परकीय योगदानाच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. आमची नोंदणी नाही. खजिनदारांनी नम्रपणे नाही कळवलं. दुबईतल्या एका कुटुंबाकडे भारतीय पासपोर्ट आहे. त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले 25,000 आम्ही घेतले, पासपोर्टची प्रत आणि पत्र फाइलला लावून. बाकी रक्कम मंडळीतून जमली. काहींनी करसवलतीची पावती मागितली, पण आमच्याकडे त्यासाठी लागणारी आयकराची 80जी मान्यता नव्हती. ते आधीच जाहीर केलं असतं तर दोन घरांचा गैरसमज टळला असता.

सर्वसाधारण सभा 21 एप्रिलला ठेवली होती. आमच्या मंडळीत शिक्षक पुष्कळ, आणि लोकसभेच्या निवडणुकीचं प्रशिक्षण चालू. कोरम भरला नाही. नगरचं मतदान 13 मेला झालं, सभा 19 मेला झाली. 61 जण हजर होते, चार विरोधात. त्या चौघांचं म्हणणं कार्यवृत्तात शब्दशः लिहिलं, असा मी आग्रह धरला. त्यांतले दोघे पुढे जुन्या पाट्या उचलायला आले.

सामान यायला जून गेला. कुठली पट्टी दाबली हे ओळखणाऱ्या पाट्यांना 21,500, कॉम्प्युटरला 48,000, कॉम्प्युटरचा आवाज बाहेर काढणाऱ्या खोक्याला (ऑडिओ इंटरफेसला) 11,200, ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर मिळून 46,000, यूपीएस 7,400, छोटा पडदा 5,600, तारा आणि डायोड 6,800, सुतारकाम आणि पॉलिश 9,500, काकांची मजुरी 25,000. यात एका गोष्टीवर कंजुषी करू नका, ती म्हणजे खालच्या सुरांचा स्पीकर. छोट्या स्पीकरमधून 16 फुटांचा स्टॉप ऐकूच येत नाही, मग पेडल ठेवून काय उपयोग?

6 जुलैला फळी पुन्हा उघडली. 61 अधिक 61 अधिक 25, अशा 147 तारा. काका एकेक कापत होते, त्याआधी मी प्रत्येकीला कागदी चिकटपट्टीचा झेंडा लावून पेन्सिलीने लिहीत होते: वर 1, वर 2, खाली 1, पाय 1. शाईने लिहू नका, पावसाळी हवेत पसरते, पहिले वीस झेंडे पुन्हा लिहावे लागले. पाऊस पडत होता, पत्र्यावर आवाज इतका की एकमेकांना ओरडून सांगावं लागे. "खाली सदतीस!" "कापली!" संध्याकाळी मुली खाऊ घेऊन आल्या आणि त्यांनीही झेंडे लावले. जुन्या पाट्या एकेक बाहेर आल्या आणि व्हरांड्यात सतरंजीवर ओळीने ठेवल्या गेल्या. मला रडू आलं, ते कोणी पाहिलं नाही असं वाटलं, पण काकांनी पाणी आणून दिलं.

सहा शनिवार गेले. पहिल्यांदा सूर आला तेव्हा तो उशिरा आला. पट्टी दाबल्यावर क्षणभर काहीच नाही, मग आवाज. गीत वाजवताना आपण चिखलात चालतोय असं वाटे. भाच्याने बघितलं तर कॉम्प्युटर आवाजाच्या सेकंदाला 48,000 नमुन्यांपैकी 1,024 साठवून मग पुढे सोडत होता, म्हणजे एकवीस मिलिसेकंद तिथेच जात होते, शिवाय इतर उशीर. तो आकडा 256 वर आणल्यावर पाचावर आलं आणि बोटांखाली सूर सापडला. त्याहून खाली नेलं तर आवाज तडतडायला लागला, म्हणून तिथेच ठेवलं.

दुसरी अडचण आमच्या दगडी भिंतींची. आम्ही आधी घेतलेले आवाज एका मोठ्या चर्चमधल्या घुमण्यासकट मुद्रित केलेले होते. घरी हेडफोनवर ऐकताना अंगावर काटा आला, आमच्या चर्चमध्ये मात्र एका घुमण्यावर दुसरं घुमणं चढून शब्दच ऐकू येईनात. मग पाइपच्या अगदी जवळून मुद्रित केलेले कोरडे आवाज घेतले. ते हेडफोनवर रुक्ष लागतात. पण चर्चमध्ये त्यांना आमच्या भिंतींचं घुमणं मिळतं. तुमच्या वास्तूत ऐकल्याशिवाय आवाज निवडू नका.

एक फायदा आम्ही योजलाच नव्हता. आमच्या पेटीचा मधला 'ए' सेकंदाला नेहमीच्या 440 कंपनांऐवजी 443 ला लागलेला आहे. सॉफ्टवेअरमध्ये ऑर्गनही 443 वर नेता आला, आणि आता काही पदांना पेटी आणि ऑर्गन बरोबर वाजतात.

1 सप्टेंबर 2024 ला उपासनेत पहिल्यांदा वाजवला. कॉम्प्युटर तयार व्हायला दोन मिनिटं लागतात, म्हणून घंटेच्या आधी अर्धा तास चालू करते. तिसऱ्या गीताच्या मध्यावर वीज गेली. पंखे थांबले, दिवे गेले, ऑर्गन यूपीएसवर चालू राहिला आणि मंडळी न थांबता गात राहिली. यूपीएस ऑर्गनच्या स्पीकरलाही जोडा, नुसता कॉम्प्युटरला नको.

राहिली कागदपत्रं. जुन्या पाट्या आणि ट्रान्सफॉर्मर भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे दिले आणि पावती घेतली. जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत, प्रश्न आला, ही जुनी वस्तू की नवी? लेखापरीक्षकांच्या सल्ल्याने 1987 ची नोंद तशीच ठेवली, काढलेल्या भागांचं निर्लेखन (वहीतून कमी करणं) ठरावाने केलं आणि नव्या भागांची वेगळी नोंद घेतली. 1987 ची नोंद मास्तरांच्या अक्षरात आहे: 'विजेवर चालणारा ऑर्गन, बाकासह, 1 नग.'

मास्तर सप्टेंबरात आजारी होते. 15 डिसेंबरला त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला. उपासना संपल्यावर मी त्यांना बाकावर बसवलं. पाय पेडलपर्यंत पोचेनात, तेव्हा मी त्यांचा डावा बूट हातात धरून सर्वांत खालच्या 'सी'वर ठेवला. त्यांनी दाबला. ऐकला. पुन्हा दाबला.

"हा जरा दमानं उठतो," म्हणाले. "कॉम्प्युटर उशीर करतोय का?"

"नाही मास्तर. सोळा फुटांच्या पाइपला हवा भरून बोलायला तेवढा वेळ लागतो. पाइपच तसा मुद्रित केलाय."

त्यांनी तिसऱ्यांदा दाबला, या वेळी बराच वेळ धरून ठेवला. मग स्वतःला उठवून पहिल्या बाकापर्यंत न्यायला मला सांगितलं, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून बसले आणि म्हणाले, "आता तू वाजव. चारही कडवी. मी खर्जात गातो."

मी वाजवलं.